सौर विद्युत् निर्मिती आणि भूमिवापर

सौर विद्युत् निर्मिती आणि भूमिवापर : सूर्यप्रकाशापासून वीज मिळविण्यासाठी लागणारी जमीन आणि कोळसा, जलशक्ती, अणुऊर्जा, वारा, जैव द्रव्य इ. साधनांपासून तेवढीच वीज मिळविण्यासाठी लागणारी जमीन यांचा तुलनात्मक विचार या नोंदीत केला आहे. सौर विद्युत् केंद्रास इंधन लागत नाही आणि ते चालू असताना धूर वा राख निर्माण होत नाही. तथापि त्यासाठी जमीन मोठ्या प्रमाणात लागते. भारतात सौर विद्युत् निर्मितीची स्थापित क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १ लाख मेगावॉटच्या पलीकडे गेली. त्यामुळे ही जमीन किती, कोठली व कोणाची, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला आहे.

विजेसाठी जमीन देण्याचा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. मुंबईला वीज पुरविण्याकरिता मुळशी येथे बांधावयाच्या धरणामुळे मुळा व नीला या नद्यांच्या खोऱ्यांतील शेतजमिनी पाण्याखाली जाणार होत्या. त्याविरुद्ध तेथील मावळ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१–२४ या काळात सत्याग्रह केला. धरण पूर्ण झाले व भिरा येथील विद्युत् केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. विजेचा लाभ एका प्रदेशाला आणि जमिनीची हानी दुसऱ्या प्रदेशाला, हे या लढ्यातून पुढे आलेले चित्र पुढील सर्व तुलनेत लक्षात ठेवावे लागते.

तुलनेची मापे : विद्युत् केंद्राने व्यापलेली जमीन दोन प्रकारे सांगतात : एक मेगावॉट (मेवॉ.) स्थापित क्षमतेमागे लागणारे हेक्टर, किंवा एका हेक्टरमागे वर्षाला मिळणारी वीज. पहिले माप सोपे असले, तरी फसवे आहे. कारण निरनिराळ्या केंद्रांची समान क्षमता वर्षभरात समान वीज देत नाही. सौर केंद्र रात्री बंद असते, तर अणुकेंद्र दिवसरात्र चालू राहते. म्हणून येथे प्रामुख्याने दुसरे माप वापरले आहे. एक किलोवॉट शक्ती एक तास वापरली असता खर्च होणाऱ्या विजेस एक युनिट म्हणतात. वर्षभराच्या सरासरी शक्तीस क्षेत्रफळाने भागले असता येणाऱ्या राशीस शक्तिघनता म्हणतात व ती वॉट प्रती चौ. मी. मध्ये व्यक्त करतात.

तुलना करताना आणखी तीन गोष्टी पाहणे आवश्यक असते. (१) केवळ केंद्राची जमीन धरली आहे की खाण, राखेची तळी, जलाशय यांचीही धरली आहे. (२) जमीन किती काळ गुंतून राहते व नंतर ती कोणत्या स्थितीत परत मिळते. (३) त्या जमिनीवर शेती, चराई यांसारखा दुसरा उपयोग चालू राहू शकतो की नाही. यांपैकी एखादी बाब गाळल्यास एकाच साधनाविषयी परस्परविरुद्ध आकडे मिळतात. या विषयावरील बरेचसे वाद अशा गाळणीतूनच उद्‌भवलेले दिसतात.

सौर विद्युत् निर्मिती : निरभ्र दिवशी माध्यान्ही जमिनीवर पडणाऱ्या सौर प्रारणाची तीव्रता सु. १,००० वॉट प्रती चौ. मी. असते. रात्र, ढग व तिरपे ऊन यांचा हिशेब करता महाराष्ट्रात योग्य कोनात कललेल्या पृष्ठावर वर्षाला प्रत्येक चौ. मी.वर सु. २,००० युनिट इतकी सौर ऊर्जा पडते, असे स्थूलमानाने धरता येते. सिलिकॉनच्या प्रचलित सौर पट्टिका यांपैकी सु. २० टक्के ऊर्जेचे विजेत रूपांतर करतात. पट्टिका तापणे, त्यांवर धूळ बसणे, तसेच इन्व्हर्टर, रोहित्रे व तारा यांतील ऱ्हास यांमुळे त्यातूनही सु. एक-पंचमांश वीज कमी होते. या मानाने १ मेवॉ. क्षमतेपासून वर्षाला सु. १६ लाख युनिट वीज मिळते [⟶ सौर ऊर्जा].

एक मेवॉ. क्षमतेच्या पट्टिकांचे प्रत्यक्ष क्षेत्रफळ सु. ५,००० चौ. मी., म्हणजे अर्धा हेक्टर असते. परंतु एका ओळीची सावली मागील ओळीवर पडू नये म्हणून ओळींमध्ये अंतर सोडावे लागते. शिवाय धुण्या-पुसण्यासाठी वाटा, रस्ते, वीज उपकेंद्र व कुंपण यांस जागा लागते. त्यामुळे प्रत्यक्षात एका मेवॉ.मागे सु. २ हेक्टर (५ एकर) जमीन लागते. म्हणजेच एका हेक्टरपासून वर्षाला सु. ८ लाख युनिट वीज मिळते व शक्तिघनता सु. ९ वॉट प्रती चौ. मी. येते. मोठ्या सौर उद्यानांत सामायिक सोयींमुळे हे प्रमाण आणखी वाढते. राजस्थानातील फलोदीजवळील भादला येथील २,२४५ मेवॉ. क्षमतेचे उद्यान सु. ५,७०० हेक्टरांवर, तर कर्नाटकातील तुमकुरू जिल्ह्यातील पावगडा येथील २,०५० मेवॉ. क्षमतेचे उद्यान सु. १३,००० एकरांवर पसरले आहे. दोन्ही ठिकाणी एका मेवॉ.मागे सु. अडीच हेक्टर जमीन पडते.

सौर केंद्राची जमेची बाजू अशी की, त्यास लागणारी जमीन एकदाच लागते. पट्टिकांचे आयुष्य २५ ते ३० वर्षे असते व ते संपल्यावर त्याच जागी नव्या पट्टिका बसविता येतात. इंधनासाठी दरवर्षी नवी जमीन उकरावी लागत नाही.

जलविद्युत् : जलविद्युत् केंद्रास लागणारी जमीन स्थळानुसार फार बदलते. घानातील व्होल्टा नदीवरील आकोसोंबो धरणाच्या जलाशयाचे क्षेत्रफळ सु. ८,५०० चौ. किमी. असून केंद्राची क्षमता १,०२० मेवॉ. आहे, म्हणजे एका मेवॉ.मागे ८०० हेक्टरांहून अधिक जमीन पाण्याखाली गेली. याउलट हिमाचल प्रदेशातील सतलज नदीवरील १,५०० मेवॉ.च्या नाथपा झाक्री केंद्रात पाणी सु. २७ किमी. लांबीच्या बोगद्यातून नेलेले असल्याने मोठा जलाशय लागला नाही.

कोयना प्रकल्प या दोहोंच्या मध्ये येतो. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील मोठ्या उंचीमुळे थोड्या पाण्यापासून पुष्कळ वीज मिळते. शिवाजीसागर जलाशयाचा विस्तार सु. ११५ चौ. किमी. असून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेवॉ. आहे. वार्षिक वीज सु. ३०० कोटी युनिट धरल्यास एका हेक्टर बुडीत क्षेत्रामागे सु. अडीच लाख युनिट पडतात. हे प्रमाण सौर केंद्राच्या सु. एक-तृतीयांश आहे. मात्र कोयनेची वीज सायंकाळी, मागणी वाढेल त्या क्षणी मिळू शकते; सौर वीज त्या वेळी नसते. शिवाय बहुउद्देशीय धरणांच्या बाबतीत सिंचन, पूरनियंत्रण व पिण्याचे पाणी हेही लाभ असल्याने सर्व बुडीत क्षेत्र विजेच्या नावावर मांडणे न्याय्य ठरत नाही. दुसऱ्या बाजूस, बुडणारी जमीन बहुधा नदीकाठची, म्हणजे खोऱ्यातील सर्वांत सुपीक असते आणि ती कायमची जाते.

कोळसा : औष्णिक विद्युत् केंद्राची स्वतःची जमीन अल्प असते. केंद्र, कोळशाचे साठे व राखेची तळी मिळून एका मेवॉ.मागे साधारणपणे एक एकर (०.४ हेक्टर) धरता येते. केवळ एवढ्यावरून पाहिल्यास कोळसा सौर ऊर्जेच्या कित्येक पट सरस वाटतो. परंतु खाण धरल्यावर चित्र बदलते. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण अधिक असल्याने एका युनिटास सु. ०.७ किग्रॅ. कोळसा लागतो. क्षमतेच्या सु. ६५ टक्के भाराने चालणारे केंद्र एका मेवॉ.मागे वर्षाला सु. ५७ लाख युनिट वीज देते व त्यासाठी सु. ४,००० टन कोळसा जाळते. कोळशाचा थर १० मी. जाड असल्यास एवढ्या कोळशासाठी दरवर्षी सु. ३ गुंठे जमीन उकरावी लागते. थर ३ मी. जाड असल्यास ९ गुंठ्यांहून अधिक. चंद्रपूर येथील सु. २,९०० मेवॉ. क्षमतेच्या केंद्राएवढ्या केंद्रासाठी जाड थरातूनही दरवर्षी सु. ८० हेक्टर नवी जमीन लागेल, असा याचा अर्थ होतो. ३० वर्षांच्या अखेरीस केंद्र व खाण मिळून एका मेवॉ.मागील जमीन थराच्या जाडीप्रमाणे सु. १.३ ते ३.४ हेक्टर होते. म्हणजे एका हेक्टरमागे वर्षाला सु. १७ ते ४४ लाख युनिट वीज मिळते. यात खाणीवरील मातीखडकांचे ढिगारे, वसाहती व लोहमार्ग धरलेले नाहीत. तेव्हा सौर केंद्रास कोळशाच्या तुलनेत अधिक जमीन लागते हे खरे असले, तरी ती सु. दोन ते पाच पट आहे. केंद्राच्या आवारापुरते पाहिल्यास वाटते तशी पंधरा-वीस पट नाही. उघड्या खाणीतून परत मिळणारी जमीन पूर्ववत् होण्यास दीर्घ काळ लागतो, हा फरक या आकड्यांत येत नाही [⟶ कोळसा, दगडी].

अणुऊर्जा : सर्वांत कमी जमीन अणुकेंद्रास लागते, कारण अल्प इंधनापासून प्रचंड ऊर्जा मिळते. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथील प्रस्तावित ९,९०० मेवॉ. प्रकल्पासाठी संपादित जमीन सु. ९४० हेक्टर आहे. तो प्रकल्प उभा राहून ८० टक्के भाराने चालल्यास एका हेक्टरमागे वर्षाला सु. ७ कोटी युनिट वीज मिळेल. तेवढी वीज सौर पट्टिकांपासून मिळविण्यास सु. ८६,००० हेक्टर जमीन लागेल. युरेनियमच्या खाणी, केंद्राभोवतालचे निर्बंधित क्षेत्र आणि किरणोत्सर्गी अपशिष्टाची साठवण यांस वेगळी जमीन लागते. ती धरूनही अणुऊर्जेचा क्रम बदलत नाही. तथापि अपघात घडल्यास हा हिशेब उलटतो. चेर्नोबिल येथील १९८६ च्या अपघातानंतर ३० किमी. त्रिज्येचा प्रदेश निर्मनुष्य करावा लागला. शिवाय जमीन कमी लागते म्हणून विरोध कमी होतो, असेही नाही. जैतापूर येथील विरोध हे त्याचे उदाहरण आहे. तेथे जमिनीच्या जोडीला मासेमारी व आंबा बागायत यांविषयीची भीती प्रभावी ठरली [⟶ अणुऊर्जा].

पवन ऊर्जा : एका पवनचक्कीच्या मागे वाऱ्याचा वेग मंदावतो, म्हणून चक्क्यांमध्ये अंतर ठेवावे लागते. पात्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मी. असल्यास व अंतरे व्यासाच्या पाच व सात पट ठेवल्यास प्रत्येक चक्कीच्या वाट्यास ३५ हेक्टर क्षेत्र येते. दोन मेवॉ.च्या चक्कीपासून वर्षाला सु. ४४ लाख युनिट मिळाल्यास एका हेक्टरमागे केवळ सव्वा लाख युनिट पडतात. परंतु पाया, रस्ता व रोहित्र यांनी प्रत्यक्ष व्यापलेली जमीन सु. एक हेक्टरच असते. उरलेल्या जमिनीत शेती व चराई चालू राहते. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याच्या पठारांवर हे पाहावयास मिळते. म्हणून पवन ऊर्जेच्या बाबतीत विस्तार आणि व्याप्ती असे दोन वेगळे आकडे देण्याची पद्धत आहे.

जैव द्रव्य : वनस्पती सूर्यप्रकाशातील ऊर्जेपैकी सु. एक टक्का किंवा त्याहूनही कमी भाग साठवितात. एका हेक्टरातील वार्षिक १० टन शुष्क जैव द्रव्य जाळून सु. १०,००० युनिट वीज मिळते. म्हणजे सौर केंद्राच्या सु. ऐंशीव्या हिश्शाएवढी. उसापासून मिळणाऱ्या एथेनॉलाची स्थिती याहून वेगळी नाही. हेक्टरी ७० टन उसाच्या रसापासून सु. ५,००० लिटर एथेनॉल मिळाले, तर त्यातील उष्णतेपैकी मोटारीच्या चाकांपर्यंत सु. ७,००० युनिट इतकीच ऊर्जा पोहोचते. मात्र पिकांचे अवशेष, बगॅस व मळी हे शेतीचे उपपदार्थ असल्याने त्यांच्यासाठी वेगळी जमीन लागते असे म्हणता येत नाही. हा आक्षेप केवळ इंधनासाठी पीक घेण्यास लागू पडतो.

कोष्टक : निरनिराळ्या साधनांपासून एका हेक्टरमागे मिळणारी वार्षिक वीज (स्थूलमानाने)

| साधन | युनिट | काय धरले आहे |
|---|---|---|
| अणुऊर्जा | ७ कोटी | केंद्राची जमीन |
| कोळसा | १७ ते ४४ लाख | केंद्र व ३० वर्षांची खाण |
| पवन ऊर्जा | ४४ लाख | प्रत्यक्ष व्यापलेली जमीन |
| पवन ऊर्जा | १.२५ लाख | चक्क्यांमधील अंतरासह |
| सौर पट्टिका | ८ लाख | ओळींमधील अंतर व रस्ते यांसह |
| जलविद्युत् (कोयना) | २.५ लाख | बुडीत क्षेत्र |
| इंधन पिके | १० हजार | लागवडीखालील क्षेत्र |

एकूण गरज : भारतात २०२४-२५ च्या सुमारास वर्षाला सु. १,८०,००० कोटी युनिट वीज निर्माण होत होती. ही सर्व वीज वरील प्रमाणात सौर पट्टिकांपासून मिळवावयाची झाल्यास सु. २२,५०० चौ. किमी. जमीन लागेल. हे क्षेत्र अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याहून मोठे असले, तरी देशाच्या क्षेत्रफळाच्या सु. ०.७ टक्के इतकेच आहे. महाराष्ट्राची वार्षिक गरज सु. २०,००० कोटी युनिट धरल्यास सु. २,५०० चौ. किमी., म्हणजे राज्याच्या क्षेत्रफळाच्या सु. ०.८ टक्के जमीन लागेल. वीज साठविताना होणारा ऱ्हास, ती वाहून नेणाऱ्या वाहिन्या आणि वाढती मागणी यांमुळे हा आकडा कित्येक पट वाढू शकतो. शिवाय सर्व वीज एकाच साधनापासून घ्यावी असेही नाही. तरी एवढे निश्चित म्हणता येते की, देशात सौर ऊर्जेस पुरेशी जमीन नाही हे म्हणणे टिकत नाही. अडचण एकूण क्षेत्रफळाची नसून विशिष्ट ठिकाणच्या जमिनीची आहे. केंद्र तेथेच उभारणे किफायतशीर ठरते, जेथे ऊन भरपूर, जमीन सपाट आणि उपकेंद्र जवळ असते. आणि अशी जमीन बहुधा कोणाच्या तरी उपयोगात असते.

पडीक जमिनीचा प्रश्न : देशातील सौर ऊर्जेच्या ७,४८,००० मेवॉ. संभाव्य क्षमतेचा बहुउल्लेखित अंदाज पडीक जमिनीच्या ३ टक्के भागावर पट्टिका बसतील, असे गृहीत धरून केलेला आहे. परंतु महसूल दप्तरात पडीक म्हणून नोंदलेली जमीन प्रत्यक्षात निरुपयोगी असतेच असे नाही. दख्खनच्या पठारावरील माळराने व गायराने ही धनगर व इतर पशुपालकांची चराईची भूमी आहे. राजस्थानातील ओरण या नावाने राखलेल्या सामायिक देवभूमींचीही तीच स्थिती आहे. अशा जमिनीस कुंपण पडले की मेंढरांच्या वाटा तुटतात. आणि सातबारावर नाव नसल्याने पशुपालकास मोबदला मिळत नाही. हीच गवताळ भूमी माळढोक पक्ष्याचे वसतिस्थान आहे. वीजवाहिन्यांवर आदळून हे पक्षी मरत असल्याने सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राजस्थान व गुजरातमधील त्यांच्या अधिवासात वाहिन्या जमिनीखालून नेण्याविषयी आदेश दिला. २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ञ समिती नेमण्यात आली. कच्छमधील खावडा येथे सौर व पवन मिळून ३०,००० मेवॉ.चे उद्यान सु. ७२,६०० हेक्टर रणभूमीवर उभारले जात आहे. शेतजमीन वाचविण्याच्या दृष्टीने ही निवड उचित असली, तरी वीज दूरवर नेणाऱ्या वाहिन्यांचा प्रश्न तेथेही उरतोच.

मोबदल्याच्या पद्धती : धरण वा खाण यांसाठी जमीन कायमची संपादित करावी लागते. सौर केंद्राची जमीन मात्र भाड्याने घेता येते व मालकी शेतकऱ्याकडे राहते. पावगडा येथे दुष्काळी भागातील जमीन एकरी वार्षिक २१,००० रु. भाड्याने घेण्यात आली व दर दोन वर्षांनी त्यात ५ टक्के वाढ ठरविण्यात आली. महाराष्ट्रात कृषिपंपांना दिवसा वीज पुरविण्यासाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मधील दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वार्षिक १.२५ लाख रु. भाड्याची तरतूद आहे. तीत लहान केंद्रे उपकेंद्रांच्या जवळपास उभारली जात असल्याने लांब वाहिन्या टळतात. कोरडवाहू जमिनीच्या मालकास असे निश्चित उत्पन्न आकर्षक वाटणे साहजिक आहे. परंतु ज्यास जमीनच नाही, अशा शेतमजुरास भाडे मिळत नाही आणि शेतीतील कामही जाते. केंद्र एकदा उभारल्यावर देखरेख व साफसफाई यांपुरतेच मनुष्यबळ लागते. म्हणून कराराचा विचार करताना केवळ जमीनमालकाचा लाभ मोजून भागत नाही.

जमीन वाचविण्याचे मार्ग : (१) छपरे : एक किलोवॉट क्षमतेच्या पट्टिकांसाठी सु. १० चौ. मी. छप्पर पुरते व जमीन मुळीच लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेचे उद्दिष्ट एक कोटी घरांचे आहे. प्रत्येक घरावर ३ किलोवॉट बसल्यास ३०,००० मेवॉ. क्षमता होईल व सु. ६०,००० हेक्टर जमीन वाचेल. (२) कालवे व जलाशय : गुजरातमध्ये नर्मदा कालव्याच्या शाखेवर २०१२ मध्ये १ मेवॉ.चा प्रयोग करण्यात आला. तेलंगणातील रामगुंडम येथे १०० मेवॉ.चे तरंगते केंद्र २०२२ मध्ये पूर्ण झाले. यांत बाष्पीभवन काहीसे कमी होते व पाण्याच्या सान्निध्याने पट्टिका थंड राहून वीज थोडी अधिक मिळते; मात्र उभारणीचा खर्च वाढतो. (३) सौरशेती : पट्टिका उंचावर व विरळ बसवून खाली पीक घेण्याची कल्पना आडोल्फ गोट्‌सबेर्गर व आर्मिन त्सास्ट्रो या जर्मन शास्त्रज्ञांनी १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत मांडली. सावली सहन करणाऱ्या भाज्या व चारापिके यांस ही पद्धत मानवते. ऊस, बाजरी यांसारख्या भरपूर ऊन लागणाऱ्या पिकांस ती तितकी अनुकूल नाही. (४) कार्यक्षमता : पट्टिकांची कार्यक्षमता २० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेल्यास त्याच जमिनीवर सु. सव्वापट वीज मिळते. (५) वापरलेली जमीन : बंद पडलेल्या खाणी व राखेची भरलेली तळी यांवर पट्टिका उभारल्यास नव्या जमिनीस हात लावावा लागत नाही.

वरील तुलनेवरून असे दिसते की, सौर विद्युत् निर्मितीस अणुऊर्जा व कोळसा यांहून अधिक, परंतु मोठे जलाशय व इंधन पिके यांहून कमी जमीन लागते. आणि देशाच्या विस्ताराच्या मानाने ती अल्प आहे. मुळशीप्रमाणे ही जमीन कायमची पाण्याखाली जात नाही, तसेच तिच्या मालकास भाडेकरार करण्याचा पर्याय असतो. हा फरक मोलाचा आहे. मात्र जमिनीची निवड करताना दप्तरातील नोंदींबरोबरच तिच्यावर प्रत्यक्ष जगणाऱ्यांची नोंद घेतली गेली, तरच हा फरक टिकून राहील.